पुलावरनं गाडी सुरू झाली का येते

फोन विलासचा होता, मुंबईहून. माझ्या आत्याचा हा एकुलता एक मुलगा, एरवी बोलायला लागला की थांबत नाही. त्या सकाळी मात्र दोनच वाक्यं बोलला. आधी, "ताई, आई गेली." आणि मी काही बोलायच्या आतच, "पण ती तर येणार होती ना?" ... सकाळी उठून चुलीपुढे बसली होती, तशीच भिंतीला टेकली, म्हणे. शेजारच्या पारूवहिनींनी हाक मारली तर ओ नाही. एवढंच कळलं.  त्याला आता दीडेक महिना झाला.

द्वारकाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन पोलादपूरच्या वर, कुडपणला गेली आणि तिथलीच झाली. आत्याचे यजमान गेल्यावर विलास दरवर्षी गणपतीला यायचा आणि जाताना एकच विषय काढायचा, "आई, आता मुंबईला चल." ती एकदा गेलीही होती. आठवड्यात परत आली. का गं, विचारलं तर म्हणाली, "तिथं दार लावून बसतात गो. मानूस मेला तरी शेजाऱ्याला वास आल्याबिगर कळायचा नाय." त्यानंतर विलासने विषय काढला की ती उठून गोठ्यात जायची. गोठ्यात आता जनावर नव्हतं, तरी जायची.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन महाडला झालं, म्हणून ती माझ्याकडे राहिली होती. पट्टी निघाली, डॉक्टरांनी गॉगल दिला, आणि घरात बसून तिला करमेना. त्याच दिवसांत दासगावच्या बाजूला सावित्रीवर रेल्वेचा नवा पूल बसवायचं काम चाललं होतं. अख्खा लोखंडी गर्डर काठावर जुळवून ठेवला होता आणि तो सरकवत नदीपलीकडच्या खांबावर न्यायचा होता. मी शिकवते त्या शाळेत मुलंसुद्धा त्याच गप्पा मारत होती. आत्या म्हणाली, "नवा डोळा केलाय, तर कायतरी मोठं बघूदे." रविवार होता. गेलो.

जत्राच भरली होती. भेळवाला, उसाचा रस, मोबाइल वर धरून उभी माणसं, कुणी नारळ आणलेले, आणि एक गृहस्थ माइकवरून सगळ्यांचं अभिनंदन करत होते. पण गंमत अशी, की गर्डर हलतोय की नाही हेच कुणाला कळत नव्हतं. इतका सावकाश. एक म्हातारा म्हणे, सरकला. दुसरा म्हणे, कसला सरकतोय, तुझीच मान हालतेय. मध्येच कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, मग कळलं की कामगार जेवायला थांबलेत. लोक हसले. पुन्हा टाळ्या वाजवायचा कुणाला धीर होईना. दुपार कलली तेव्हा गर्डरचं टोक पलीकडच्या खांबावर आलं असावं ... असावंच म्हणते, कारण माइकवाले गृहस्थसुद्धा "झालं का हो?" असं विचारत होते. तेवढ्यात आत्या दगडावरून उठली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकटीच टाळ्या वाजवायला लागली, आरतीला वाजवतात तशा. मग सगळा काठ वाजायला लागला. वर चढलेल्या कामगारांनी हेल्मेटं काढून हलवली. "आला गो," ती म्हणाली, "पान्यात पाय न घालता आला." गॉगलखालून पाणी येत होतं. डोळ्यात घातलेल्या थेंबांचं की रडण्याचं, कोण जाणे.

त्या संध्याकाळी तिने आपण होऊन विलासला फोन लावायला सांगितला. "इलास, त्या पुलावरनं गाडी सुरू झाली का मी येते. कायमची." विलासला खरंच वाटेना. रात्री त्याने मला वेगळा फोन करून विचारलं, आई बरी आहे ना? मुंबईच्या खोलीत तिच्यासाठी त्याने खिडकीजवळ लाकडी पलंग करून घेतला.

तेराव्याला मी कुडपणला गेले. पंगत उठल्यावर विलास येईल त्याला सांगत होता, "आई यायला तयार झाली होती हो, पूल बघून तयार झाली होती." पारूवहिनींनी मला हळूच परसात बोलावलं. "त्याला सांगू नकोस गो. ती मला काय बोलली म्हायत हाय? म्हनली, पारू, आता कटकट मिटली. त्या पुलावर रूळ पडून गाडी धावंपर्यंत मी काय जगत नाय. तवर पोरगा बी खूश." पारूवहिनी हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

मला काही समजेना. फोनवर बोलतानाचा आत्याचा आवाज मी शेजारी बसून ऐकला होता, तो खोटा नव्हता. आणि पारूवहिनींना खोटं बोलायचं कारण नव्हतं. तेवढ्यात आतून विलासची हाक आली. माळ्यावर एक नवीकोरी रेक्झिनची पिशवी सापडली होती, चेन लावलेली. "बघ ताई, भरून ठेवलीय!" त्याचा चेहरा उजळला होता. चेन उघडली. वर दोन धुवट लुगडी, घडी केलेली. खाली फडक्यात बांधलेली नाचणी, कीड लागू नये म्हणून राखेत घोळवलेली. बियाण्याची.

"हे काय?" विलास म्हणाला. "मुंबईत कुठं पेरणार होती?"

"अरे, बियानंच ठेवलंय तिनं," पारूवहिनी म्हणाल्या. "उंदरास्नी कळू नये म्हनून वर लुगडी."

"मग नवी पिशवी कशाला?" विलासने विचारलं.

  मग त्याने रुमाल पसरला आणि मूठभर नाचणी त्यात बांधली. पलंगाशेजारच्या खिडकीत कुंडी ठेवीन म्हणाला. एक ओंजळ पारूवहिनींनी पदरात घेतली, त्या यंदा डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पेरणार आहेत. उरलेली माझ्याकडे दिली. महाडच्या माझ्या घराला अंगण नाही. ती नाचणी स्वयंपाकघरात डब्यात आहे. भाकरीला पीठ संपलं की हात तिकडे जातो, झाकण निघतं, राखेचा वास येतो ... आणि मी झाकण लावून टाकते.