दिवसाला चाळीस पानं

रेणुकादास हेडक्लार्कांचा आकड्यांवर भारी जीव. लातूरच्या त्या सरकारी कचेरीत कोणता टायपिस्ट दिवसाला किती पानं काढतो, हे ते घड्याळ लावून सांगत. भूकंप झाला आणि गावोगावच्या मयतांच्या हस्तलिखित याद्या पोत्यांनी आल्या, तेव्हा साहेबांनी त्यांनाच विचारलं, "किती दिवसांत होईल?"

रेणुकादासांनी जुनी परिपत्रकं टाईप करायला देऊन तिघांची परीक्षा घेतली आणि ठोकून दिलं, माणशी चाळीस पानं. परिपत्रक वेगळं आणि मेलेल्या माणसांची यादी वेगळी, हे त्या हुशार माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

व्यंकटी चाळिसाच्या जागी बेचाळीस काढी. हंगामी लागलेली रजिया मात्र सतराच्या वर जाईना. प्रत्येक ओळीखाली ती पट्टी धरायची, नाव ओठांत वाचायची, मगच बोटं चालवायची.

"रजियाबाई, पोथी वाचताय का?" रेणुकादासांनी चारचौघांत टोमणा मारला.

"मेलेल्या माणसाचं नाव हाय साहेब. वाचल्याबगर कसं टाईप करू?"

शनिवारी साहेबांकडे जाणाऱ्या तक्त्यात त्यांनी तिच्या नावापुढे सतरा लिहिलं. सोमवारपासून ती आली नाही. तिच्या वाटणीचे कागद व्यंकटीकडे गेले.

महिन्याभराने धोंडप्पा नावाचा शेतकरी आला. डोक्याला अजून पट्टी होती.

"सायेब, माझी पोर मेली न्हाई म्हणायलेत तुमचे कागद."

टाईप झालेली पक्की यादी काढली. घरप्रमुखाच्या खाली रत्नम्मा होती, वय सहा.

"ही भावाची, घर आमचं एकच," धोंडप्पा म्हणाला. "माझी आठ वर्सांची. आमची आई गेली, मंग दोघा भावांनी पोरींना तिचंच नाव ठेवलं."

कच्च्या याद्या पक्क्या झाल्या की फाडून टाकायच्या, हा नियम रेणुकादासांनीच घातलेला. नशिबाने या गावचं बंडल फाडायचं राहिलं होतं. त्यात दोन ओळी होत्या, एकीखाली एक: रत्नम्मा, आठ. रत्नम्मा, सहा. एकच नाव दोनदा दिसलं आणि धावती नजर वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरली. व्यंकटीला काय बोलणार? चाळिसाचा आकडा त्याचा नव्हता.

रेणुकादासांनी स्वतः मशीनवर बसून ती ओळ घातली. धोंडप्पा शेजारी उभा राहून बघत होता. काम झाल्यावर त्याने हात जोडले, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीच्या अकरा गावांची बंडलं केव्हाच फाडून झाली होती.

रजियाला शोधायला ते अहमदपूरला तिच्या माहेरी गेले. तिने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता मी येऊन काय वाचू, साहेब?"

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. रिटायर झालेल्या रेणुकादासांना एका क्लासवाल्याने मानाने बोलावलं. प्रश्नपत्रिका टाईप करायला माणसं ठेवायची होती.

"काका, तुमचा अंदाज म्हणजे दगडावरची रेघ. एक जण दिवसाला किती पानं काढतो?"

  समोरचा चहा तसाच ठेवून रेणुकादास उठले आणि घरी आले.

"एवढं काय झालं?" त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी विचारलं. "चूक झाली होती, ती तुम्ही दुरुस्त केलीत की! वीस वर्षं तेच काय उगाळता?"

"धोंडप्पा जिवंत होता म्हणून आला गं," ते म्हणाले. "ज्या घरात कुणी उरलंच नाही, त्यांची ओळ गळाली असेल, तर विचारायला कोण येणार?"