इतकं गबाळं काम

भाऊजी, तुमच्याबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं, तर तुम्ही आधी विचाराल, "वहिनी, माझ्या कुलपांचं लिहिलंत का?" लिहिते. दम धरा.

चाळीस वर्षं तुम्ही किल्ल्या घासल्यात. बाजाराच्या कोपऱ्यावर हातभर दुकान, तोंड मात्र गावभर. डॉक्टरांच्या घरी चोरी झाली. आठवड्यापूर्वीच ते कुलूप तुम्ही दुरुस्त केलेलं, म्हणून पोलिसांनी तुम्हालाच उचललं. घरात रडारड. तुमचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "माफी मागून मोकळा हो म्हणावं त्याला." न केलेल्या चोरीची माफी. मी चपला घातल्या, वकीलबाईंना गाठलं आणि त्यांना घेऊन थेट ठाण्यावर आले.

"न वाचता सही करायची नाही. आणि ह्या सांगतील तेव्हाच बोलायचं," मी बजावलं.

"मला चोर म्हणाले, ते गिळलं, वहिनी. पण कुलूप मी तोडलं म्हणतात. तोडलं? मी?"

"गप्प बसा."

आणि तुम्ही बसलात. दोन दिवस. जन्मात कधी पाच मिनिटं गप्प न बसलेला माणूस. लिहून आणलेला जबाब तीनदा पुढे सरकवला गेला, तीनदा तुम्ही तो वाचून परत केलात. मला तुमचा अभिमान वाटला तो तिथे. कुलपं काय, कुणीही उघडतं.

वकीलबाईंनी अर्ज करून ते कुलूप जाणकाराकडून तपासायला लावलं. जाणकार कोण, तर पलीकडच्या गल्लीतला तुमचा वैरी. दहा वर्षं तुम्ही त्याच्याशी बोलला नव्हतात. त्याने कुलूप खोललं, आतल्या वाकलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि नाक मुरडलं.

"स्क्रू ड्रायव्हर खुपसलाय कुणीतरी. तो माणूस आगाऊ आहे, पण इतकं गबाळं काम त्याच्या हातून व्हायचं नाही."

सुटलात. सुटकेचा कागद कुठे टाकलात देव जाणे, हे वाक्य मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलंत. पण हातात किल्ली द्यायला महिनाभर कुणी येईना. तेव्हा भर बाजारात, चार माणसं बघत असताना, मी माझ्या दाराची किल्ली तुमच्या पुढ्यात ठेवली.

"दुसरी करा. आणि ती तुमच्याकडेच राहू दे."

"उद्या करतो," म्हणालात, आणि रस्त्यावरून दिसेल अशी ती खिळ्याला टांगलीत. हळूहळू गिऱ्हाइकं परतली आणि माझा उद्या मागे पडत गेला.

तुम्ही गेल्यावर परवा दुकान आवरलं. किल्ली खिळ्यावरच होती. तिला तारेने एक कोरी किल्ली बांधलेली, एकही खाच न पाडलेली.