उसना पैलवान

सकाळी सातच्या एसटीने स्वारगेट सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर जेवणाचा स्टीलचा डबा होता, पण त्यात पोळीभाजी नव्हती. रुमालात गुंडाळलेली व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट होती. शेजारच्या बाईंनी खंबाटकी घाट येईपर्यंत दम धरला आणि मग विचारलंच, की डबा नुसता धरून का बसलात, भूक नाही का. मी उघडून दाखवला. त्यांनी कॅसेट पाहिली, माझे पांढरे केस पाहिले आणि आपली शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केली.

टीव्हीला यंत्र जोडून खेळायचे ते खेळ ज्यांच्या घरी होते, त्यांना या कॅसेटी आठवतील. अस्सल माल क्वचितच असायचा. खेळ नकली आणि वरची चित्रंही उचललेली. कुठल्या परदेशी सिनेमाच्या पोस्टरवरचा नट, कुठल्या मासिकाच्या मुखपृष्ठावरची मोटार. आत विमानांची लढाई असली तरी वर खुशाल वाघ. मी पुण्यात शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि ही चित्रं मुळात कुठून उचलली ते शोधायचा नाद मला लागला आहे. त्याची एक वही आहे. तीन रकाने: कॅसेट कोणती, चित्र कुठून घेतलं, मूळ सध्या कुठे आहे. आमच्या घरी तिला 'चोरांची वही' म्हणतात. हे नाव अर्थातच नवऱ्याने ठेवलं.

वहीत बाकी सगळ्यांचा माग लागला होता, पिवळीचा तेवढा नव्हता. तिच्यावर लंगोट लावलेला एक गडी शड्डू ठोकून (मांडीवर थाप मारून आव्हान देत) उभा आहे. दंडाला ताईत, एक कान कुस्तीत मोडून भज्यासारखा फुगलेला. वर इंग्रजी अक्षरात 'सुपर फाइट'. ही कॅसेट साताऱ्याला मामाकडे होती, पुढे ती माझ्याकडेच राहिली. मे महिन्यात मी आणि दादा तिथे असायचो, आणि दादाची पाळी असली की मी बटर पेपर ठेवून तो गडी गिरवायची. मी काढलेला पहिला माणूस तो. आजही पाठ्यपुस्तकात लोहार काढा, हमाल काढा, दंड त्याचेच येतात. ज्याच्या जिवावर आपण पोट भरतो तो कोण हे ठाऊक नाही, ही गोष्ट वय वाढलं तशी मला टोचायला लागली. म्हणून निघाले.

साताऱ्यात उतरले तेव्हा ऊन चढायचं होतं. अजिंक्यताऱ्याच्या अंगावर धुक्याचा पट्टा होता, आणि मी सरकारी कामाला आले असं गृहीत धरूनच रिक्षावाल्याने कोणत्या ऑफिसात सोडू म्हणून विचारलं. कॅसेटच्या पाठीवर दुकानाचा रबरी शिक्का होता, अर्धा पुसलेला. पोवई नाक्यापासून दोन चौकशांत दुकान सापडलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. गल्ल्यावर बसलेले दिलीपशेठ फौजेतून सुटून आल्यावर टीव्ही दुरुस्ती करायचे आणि कॅसेटी भाड्याने द्यायचे. ताठ बसणं अजून सुटलेलं नाही. कॅसेट बघताच त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला.

मुलांच्या हाताळण्याने मूळ स्टिकर सुटून यायचं, ते सांगू लागले. उघडी कॅसेट कुणी भाड्याने नेत नसे. म्हणून त्यांनी सांगलीच्या एका पेंटरकडून नवी स्टिकरं छापून घेतली.

"मी त्याला म्हनलं, मारामारीचा गेम हाय, तगडा गडी पायजे. त्यानं पैलवान काढला. दुसरं काय काढनार त्यो?"

मी विचारलं, आत तर परदेशी माणसं कराटे खेळतात, मुलांनी तक्रार नाही केली?

"केली की. पैलवान कवा येतो, म्हनून इचारायची. मी सांगायचो, शेवटच्या लेव्हलला."

मी आणि दादाने दोन सुट्ट्या त्या शेवटच्या लेव्हलसाठी घालवल्या आहेत. दादाचा अंगठा सोलून निघाला होता. मला खरं तर राग यायला हवा होता, पण मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. दिलीपशेठनी एका कव्हराच्या पाठीवर पेंटरचा पत्ता लिहून दिला: बापू पेंटर, माधवनगर, गिरणीच्या मागं. मी अर्धा किलो कंदी पेढे (खवा भाजून केलेले, बेताचे गोड) घेतले आणि सांगलीच्या गाडीत बसले.

कराड मागे पडलं की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो आणि मग संपतच नाही. मधूनच कापलेलं रान दिसतं, तिथे वाढं (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) गोळा करणारी माणसं. पेढ्यांचा खोका मी वरच्या फळीवर ठेवला होता. पेठ नाक्यावर चढलेल्या एका गृहस्थांनी त्यावर आपली नांगराच्या फाळांची पिशवी ठेवली. सांगलीत उतरले तेव्हा पेढ्यांचा एकच मोठा पेढा झाला होता. संध्याकाळी लॉजवर तो सुरीने कापून खाल्ला, त्यावर मूठभर भडंग (मसाल्याचे तिखट चुरमुरे) खाल्लं आणि छान झोपले.

दुसऱ्या दिवशी कळलं की माधवनगरात 'गिरणीच्या मागं' हा पत्ता फारसा उपयोगाचा नाही. गिरण्यांच्या भिंती इतक्या, की जो तो कुठल्या ना कुठल्या गिरणीच्या मागेच राहतो. तासभर हिंडून शेवटी एका घराच्या ओसरीत वाळत घातलेल्या छापील कापडी पिशव्या दिसल्या आणि मी आत हाक मारली.

बापूकाका सत्तरीचे, सडसडीत, नखांत निळा रंग. अजून स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून रंग दाबून छपाई) करतात, आता लग्नातल्या पिशव्यांचं. मी डबा उघडला. त्यांनी कॅसेट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरली.

"ज्ञानू पैलवान," ते म्हणाले, आणि कॅसेट तशीच हातात धरून ओसरीत बसले.

मग हळूहळू सगळं कळलं. यात्रेआधी गावोगावचे पंच 'कुस्त्यांचे जंगी मैदान' अशी पत्रकं छापायला सांगलीला यायचे आणि मल्लांचे फोटो देऊन जायचे. तेव्हा पैलवान स्टुडिओत एकदाच जायचा. तोच फोटो यात्रेयात्रेला फिरायचा, आणि पत्रक छापून झालं की ज्याचा त्याला परत पोचवायचा, हा रिवाज. ज्ञानू पैलवानांचा फोटो बापूकाकांकडे आला आणि राहिला. तो देह आणि त्यावरचा तो उजेड त्यांना सोडवेना. त्यावरून त्यांनी कॅसेटचं स्टिकर केलं, तालमींच्या पाट्या केल्या, एका बदामवाल्याचा बोर्ड केला. उद्या देऊ, परवा देऊ म्हणता म्हणता एका पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरलं. फोटो गेला, त्यावरून केलेल्या कामांचे नमुनेही गेले, आणि बाहेरच्या पाट्यांवर केव्हाच नवा रंग चढला.

"त्यांच्या गावची पाटी आली की एसटीत मान खाली घालतो मी," ते म्हणाले. "जिता हाय गडी. पन तोंड कसं दावायचं?"

मी त्यांना बोल लावू शकत नव्हते. माझ्या टेबलाच्या खणात चित्रांसाठी मागून आणलेले, न परत केलेले लोकांचे चार फोटो आहेत, आणि चोरांच्या वहीत माझं नाव नाही एवढंच. मी म्हटलं, काका, फोटो नसला तरी चित्र आहे, दोघं जाऊ. ते नको नको म्हणत आत गेले आणि धुतलेली टोपी घालून, कागदाची सुरळी काखेत मारून बाहेर आले.

इस्लामपूरपर्यंत एसटी आणि पुढे वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप). आम्ही दोघं मागच्या बाकावर, समोर दुधाचे रिकामे कॅन. साखर कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्याबरोबर येत होता. मी खिडकीतून मजेत बघत होते, आणि बापूकाका चार-चारदा टोपी काढून परत घालत होते.

ज्ञानू पैलवान अंगणात बाजेवर बसून वैरणीचे पेंडे बांधत होते. मी मनात केवढा तरी माणूस धरून आले होते. समोर एक बारीक, वाकलेले आजोबा होते. खांदे उतरलेले, हातांवर शिरा. कान तेवढा ओळखीचा निघाला. त्यांच्या मंडळी हौसाकाकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बापूकाकांनी पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच आपण कोण, फोटो कसा ठेवून घेतला, कसा गेला, सगळं सांगून टाकलं.

पैलवानांनी हातातला पेंडा खाली ठेवला. बोलल्या त्या हौसाकाकी.

"नात तालमीत जाती आमची. तिला सांगतो, तुजा आजा लय मोठा पैलवान व्हता. ती ह्यांच्याकडं बघती आन हासती. दावायला काय हाय आमच्यापाशी? एक फोटू व्हता, त्यो तुमी नेला."

आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी घाईघाईने डबा उघडून कॅसेट पैलवानांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि कॅसेट मला परत दिली.

"ह्यो मी न्हवं, ताई. माजा डावा कान मोडलाय. ह्याचा उजवा हाय. ताईत बी उजव्या दंडाला व्हता माज्या. कोन तरी दुसरा गडी हाय."

तीन जिल्हे पालथे घालून मी भलत्याच माणसाच्या दारात आले होते, आणि एका म्हाताऱ्या बाईला उगाच आशा लावली होती. बापूकाकांनी खाली बसून कॅसेट माझ्याकडून घेतली आणि पुन्हा डोळ्यांजवळ धरली. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

स्क्रीनवर चित्र उतरवताना फिल्म उलटी लागली होती, त्यांनी सांगितलं. छापल्यावर लक्षात आलं, पण कॅसेटवरच्या गड्याचा कान कोण बघतंय म्हणून तसंच दिलं. अक्षरं दुसऱ्या रंगात, दुसऱ्या स्क्रीनवर, ती सरळ आली. एवढं बोलून ते उठले आणि काकींकडे वळले.

"वैनी, आरसा हाय का घरात?"

काकींनी खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून आणला. बापूकाकांनी तो पैलवानांच्या तोंडासमोर धरला, आणि कॅसेट आरशाच्या कडेला टेकवली. आरशातल्या म्हाताऱ्याचा मोडका कान ज्या बाजूला होता, त्याच बाजूला कॅसेटवरच्या गड्याचा होता. पैलवान आरशात बघत होते, मग कॅसेटकडे, परत आरशात. त्यांचा हात आपोआप कानाला गेला.

"व्हय गं," ते काकींना म्हणाले. "ह्योच. रोज दाढी करताना ह्योच दिसायचा मला."

काकींनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरले, आणि मी ते लपवले नाहीत. फोटोतला ज्ञानू पैलवान जगाने पाहिलेला होता. आमच्या कॅसेटवर होता तो त्यांनी स्वतः पाहिलेला, आणि तो एका छापणाऱ्याच्या आळसामुळे टिकला होता.

बापूकाकांनी तोवर बाजेवर कागद पसरला होता. "आता सुलटा काढून देतो," ते म्हणाले. "चांगला मोठा. नातीला दावायला."

"काढ," पैलवान म्हणाले. "पन कान नीट मोड."

मग ते हसले, आणि पहिल्यांदाच बापूकाका समोरचा तांब्या उचलून पाणी प्याले. आम्ही तिथेच जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा खर्डा. खर्डा मी शहरी ऐटीत भरपूर घेतला आणि मग काकींनी मला दोनदा ताक वाढलं. उरलेला कापलेला पेढा दिला, त्याचा आकार पाहून पैलवानांनी हा कुठला प्रकार म्हणून विचारलं. दुपारभर बापूकाका पेन्सिल चालवत होते आणि पैलवान, कुणी सांगितलं नसताना, पाठ ताठ करून बसले होते.

निघताना मी कॅसेटसाठी हात पुढे केला. पैलवानांनी ती अजून धरूनच ठेवली होती.

"मोठं चित्र नातीला," ते म्हणाले. "ह्यो माज्यापाशी ऱ्हाऊ दे का?"

खोटं कशाला लिहू, मी लगेच हो म्हटलं नाही. माझ्या माहितीत त्या स्टिकरची दुसरी कॅसेट नाही. माझी सगळी चित्रकला तिथून सुरू झाली आहे. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा अंगठा चित्राच्या कडेने फिरत होता, दादाला खेळू देऊन मी फिरवायची तसाच. मी म्हटलं, ठेवा, तुमचाच आहे.

रिकामा डबा काकींनी माझ्या हातातून काढून घेतला. उसनं भांडंसुद्धा रिकामं परत करत न्हाईत, तुमी तर पावनी, म्हणाल्या, आणि त्यात गुळाचं ढेकूळ दाबून बसवलं. बापूकाका मागे राहिले. कान अजून व्हायचा होता.

परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाने डब्याकडे पाहिलं तेव्हा मी स्वतःहून उघडला आणि त्याला गूळ दिला. घरी पोचल्यावर चहाआधी वही काढली. पिवळीच्या ओळीत दुसरा रकाना इतकी वर्षं कोरा होता. तिथे लिहिलं: ज्ञानू पैलवान. तिसऱ्या रकान्यात आजवर मी संग्रहालयं, ग्रंथालयं, परदेशातली गावं लिहीत आले. या वेळी 'घरी' एवढंच लिहिलं, आणि उठून टेबलाच्या खणातले ते चार फोटो बाहेर काढले.