चार चिठ्ठ्यांची बेडकी

माझ्या बायकोच्या मावसभावाइतकी वर्षं एका बेडकीपायी घालवलेला माणूस साऱ्या जर्मनीत नसेल. वर्षं अकरा. बेडकी एकच, तीही मेलेली, लांबी एकवीस मिलिमीटर. म्हणजे वर्षाला दोन मिलिमीटरसुद्धा नाही.

बॉनच्या एका संग्रहालयात तो काम करायचा. फार पूर्वी कॅमेरूनमधल्या एका ओढ्यावर कुणीतरी ही बेडकी पकडली. तशी दुसरी काही सापडली नाही, आणि हिला बेडकांच्या कुठल्या कुळात घालायचं ते ठरेना. बरणीतली कुळाच्या नावाची जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी आत सोडायची, अशी तिथली रीत. त्यामुळे बरणीत चार विद्वानांच्या चार चिठ्ठ्या आणि त्या गर्दीत कुठेतरी बेडकी. रविवारी आमच्याकडे जेवायला आला की तो खिशातल्या व्हर्निअर कॅलिपरने आधी चकली मोजी. "ताई, मागच्या खेपेपेक्षा तीन मिलिमीटर कमी!" बायको म्हणे, "मोजत बस, आणि उपाशी जा." आमची लेक जर्मनमध्येच बेडकीची खुशाली विचारी. तो मराठीत, अगदी आनंदाने सांगे, "अजून ठरत नाही गं!"

या हिवाळ्यात त्याचं कंत्राट संपत आलं. कूळ लागलं तर ते वाढणार होतं. त्यासाठी बेडकीच्या छातीची हाडं पाहायला हवी होती. पण जुन्या द्रावणात ती इतकी विरली होती की स्कॅनमध्ये काही दिसेना. कापून पाहणं, एवढंच उरलं.

"भावोजी, एकच आहे हो ती. कापली की संपली."

मी कागदावर दोन रकाने आखले. फायदे सात निघाले, तोटा एक. कागद त्याच्यापुढे सरकवून म्हणालो, "काप."

चार दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. "आत काहीच नाही हो, भावोजी. नुसता लगदा."

बेडकी गेली, कूळ लागलं नाही, कंत्राटही वाढलं नाही.

पुण्याला कायमचा निघायच्या आदल्या दिवशी तो जेवायला आला. बायकोने न राहवून विचारलं, "पण तुला ती कापायला सांगितलं कुणी रे?"

मी ताटात बघत राहिलो.

"कुणी नाही, ताई. माझंच डोकं," तो म्हणाला आणि वाटी पुढे केली. "वरण वाढ."