निळ्यातली होडी

परवा खिडक्यांना रंग देताना टर्पेंटाइनचा वास आला आणि मला सांगलीच्या कॉलेजातलं आमचं भित्तिपत्रक आठवलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सरांनी वर्गात नुकतंच सांगितलं होतं, की प्रतीकवादी कवी वस्तूचं नाव न घेता तिचा भास जागवायचे आणि पहिल्या अमूर्त चित्रकारांना त्यातूनच धीर मिळाला. माझे वडील, अण्णा, त्याच वर्षी गेले होते. मी भित्तिपत्रकासाठी त्यांच्यावर कविता लिहिली, पण तिच्यात मरण हा शब्द येऊ दिला नाही.

तिच्यासाठी चित्र काढलं माझ्या मित्राने, माधवनगरच्या विलासने. दाट हळदी रंग आणि खाली विरत गेलेला निळा, एवढंच.

पोरं हसायला लागली. "विल्या, डबा सांडला काय रं?" चित्रासोबत माझी कविताही हसण्यावारी जाईल, अशी मला भीती वाटली. विलास चहाला गेला तेव्हा मी ब्रश उचलला आणि त्या निळ्यात काळी होडी काढली.

परत आल्यावर त्याला ती होडी दिसली.

"तू तरी अण्णांचं मरण कवितेत कुठं लिवलंस?"

"न्हाई लिवलं."

"मग माज्या चित्रात होडी का, गड्या?"

तो जवळ आला. माझ्या बोटांना लागलेला रंग त्याने स्वतःच्या फडक्याने पुसला.

"ऱ्हाऊ दे. अण्णा तुजे हायत. तुला होडी दिसली आसंल."

मला काहीच दिसलं नव्हतं. हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.