एकोणतीस सत्ते

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर जेवताना वाचायचे, तेही हसायला. मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी. जे लॅबमधल्या स्क्रीनवर दिसत नाही ते नसतंच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी. आमच्या नागपूरच्या घरातही भुताखेतांना कधी थारा नव्हता. बाबा इलेक्ट्रिशियन, त्यामुळे अंधार झाला की आमच्याकडे रामनाम नाही, आधी फ्यूज बघतात. तेव्हा आता मीच लिहायला बसलेय म्हणून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही.

जागा नीट सांगते. बेंगळुरू, मल्लेश्वरम, एका शांत क्रॉसवरचं दुमजली घर. वरच्या मजल्यावर मागची खोली माझी. लाल गुळगुळीत फरशी, पूर्वेला खिडकी, आणि उत्तरेची भिंत संपूर्ण कोरी. त्या भिंतीला टेकवून माझं टेबल. घरमालकीण गिरिजाकाकू मराठीच, पण त्यांचं घराणं इथे येऊन तीन-चारशे वर्षं झालेली. मराठीत इतकं कन्नड मिसळलेलं, की 'सरी' म्हणजे 'ठीक आहे' हे कळेपर्यंत पहिले आठ दिवस मी नुसती मान हलवत होते.

तर, मागच्या सेमिस्टरला माझे तीन विषय राहिले. बाबा फोनवर रागावले नाहीत, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "बेटा, या खेपेला तिन्ही निघाले तर ठीक. नाही तर सामान बांध अन् घरी ये. इकडचंच एखादं कॉलेज पाहू." म्हणजे वर्ष गेलं, बेंगळुरू गेलं, आणि चारचौघांत सांगायला एक गोष्ट कायमची मिळाली.

मी लगेच अभ्यासाला लागले... म्हणजे अभ्यासाच्या तयारीला लागले. तीन अ‍ॅप घेतले. एकात अभ्यास केला की झाड उगवायचं. माझं वाळवंटच राहिलं. मोटिव्हेशनचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघितले. पाच रंगांत टाइमटेबल काढलं, आणि ते इतकं सुंदर झालं की अभ्यास करून खराब करवेना. रोज रात्री ठरवायचे, उद्यापासून पहाटे उठायचं. उद्या काही उजाडत नव्हता.

मग एका सकाळी साडेपाचला जाग आली ती आवाजाने. भिंतीपलीकडे एक मुलगी पाढे म्हणत होती. असेल दहा-अकरा वर्षांची. खणखणीत आवाज, मराठी पाढे, तालात. "एकोणतीस सक्के एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस सत्ते दोनशे तेरा..." मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दोनशे तेरा.

हे पाच दिवस चाललं. रोज साडेपाच, रोज दोनशे तेरा. माझ्याकडून बाबांनी तिसापर्यंत पाढे घोटून घेतलेत, चूक कानात खड्यासारखी टोचायची. सहाव्या दिवशी मी पांघरुणातूनच ओरडले, "दोनशे तीन, अगं बाई, दोनशे तीन."

पलीकडून हळूच, "दोनशे तीन... एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस..." आणि गाडी थेट दोनशे नव्वदला जाऊन थांबली.

मला हसू आलं. आणि झोप उडालीच होती, म्हणून टेबलाशी बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तेव्हापासून आमचं ठरल्यासारखंच झालं. साडेपाचला ती सुरू करायची, अडली की मी सांगायचे. तिचं झालं की मी माझे फॉर्म्युले मोठ्याने म्हणायचे. का, तर ती एवढीशी पोरगी उठून घोकतेय आणि मी लोळतेय, याची लाज वाटायची. गंमत म्हणजे तीही माझं म्हणायला लागली. मी "एस बाय एस स्क्वेअर प्लस ए स्क्वेअर" म्हटलं की पलीकडून तसंच्या तसं, पाढ्याच्या चालीत. लाप्लास ट्रान्सफॉर्मला चाल लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. पण खरं सांगते, त्या चालीमुळेच तो माझ्या डोक्यात बसला. नाव विचारलं तर मात्र उत्तर यायचं नाही. अभ्यासापलीकडे बोलायचीच नाही.

एकदाच बोलली. पाढा अर्ध्यावर सोडून म्हणाली, "गणितात गेले तर अप्पा शाळा सोडवणार." बस, एवढंच. मी म्हटलं, "माझंही तेच आहे बघ. चल, पुन्हा म्हण."

महिनाभराने वाटलं, पोरीला चॉकलेट द्यावं. खाली काकू कॉफी गाळत होत्या. विचारलं, "काकू, माझ्या खोलीच्या मागे कोण राहतं?"

"मागं कोण असणार मगू?" त्या मला लेकरासारखं मगूच म्हणतात. "मागं नुसती गाळी आहे. वारा. जाऊन बघ की."

गेले. घराला वळसा घालून मागे उभी राहिले. माझ्या खोलीची उत्तरेची भिंत वर दिसत होती. सरळसोट, बाहेरून हिरवट रंग. खाली पाण्याची मोटर आणि कढीपत्त्याचं झाड. पलीकडची बिल्डिंग चांगली वीस पावलं दूर, आणि तिची या बाजूला खिडकीही नाही.

त्या दिवशी कॉलेजला गेले नाही, मैत्रिणीकडे मुक्काम ठोकला. तिला कारण सांगितलं नाही, सांगणार काय होते? पण सकाळी साडेपाचला जाग आलीच. पडल्या पडल्या एकच डोक्यात, ती आता सातावर अडली असेल. आणि ज्या भुताला एकोणतीसचा पाढा येत नाही, त्याला घाबरायचं तरी कसं? पुढच्या पहाटे मी माझ्या टेबलाशी होते. ती साताशी येऊन थांबली. वाट बघितल्यासारखी. मी म्हटलं, "दोनशे तीन." माझा आवाज कापत होता, तिचा नाही.

माझ्या पहिल्या पेपरच्या सकाळी तिने अख्खा पाढा न अडता म्हटला. एकदा नाही, तीनदा. मी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर भिंत गप्प झाली ती झालीच. पेपर संपेपर्यंत मी एकटीच मोठ्याने म्हणत राहिले, सवयीने. तिची फार आठवण यायची.

निकाल लागला आणि तिन्ही विषय निघाले. बाबा फोनवर नुसतं "हो ना? हो ना?" करत होते. काकूंनी माझ्या नावाने ओब्बट्टू केले, म्हणजे आपली पुरणपोळीच, आणि त्याच शनिवारी त्यांच्या थोरल्या नणंद देवनहळ्ळीहून जेवायला आल्या. इंदूअक्का. सत्तरी उलटलेली, गणिताच्या रिटायर्ड टीचर, जन्म याच घरातला. ताठ बसल्या होत्या. मी वाढता वाढता काहीतरी बडबडत होते, तर त्यांचा घास हातातच राहिला.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. "एकोणतीस सत्ते?"

"दोनशे तीन," मी सवयीने बोलून गेले.

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. काकू दोघींकडे बघत बसल्या.

"तुझी खोली तेव्हा कोठी होती," अक्का म्हणाल्या. "चिंच, तांदूळ. बाहेरून कुलूप. तिच्यामागं अजून एक खोली होती, तिथं मी अभ्यासाला बसायची."

"ती मागची खोली ना?" काकू म्हणाल्या. "माझ्या लग्नाआधीच पाडली म्हणे."

"पाडली. पण मी सहावीत होते तेव्हा कोठीतून एक अक्का पाढे सांगायची. वेगळंच मराठी, आमच्यासारखं नाही. घरात सांगितलं असतं तर अंगारे-धुपारे झाले असते, आणि ती निघून गेली असती. मग मला कोण शिकवणार? म्हणून गप्प बसले." मग डोळे मिटून, पाढ्याच्या चालीत, "एस बाय एस स्क्वेअर प्लस ए स्क्वेअर. कॉलेजात गेल्यावर फळ्यावर बघितलं हे. वर्गात एकटीच मोठ्यानं हसले, सरांनी बाहेर काढलं."

मी यातलं कोणालाच काही सांगितलं नव्हतं. काकूंना फक्त मागे कोण राहतं एवढंच विचारलं होतं. मैत्रिणीला तर तेही नाही. अक्का त्याआधी कधी भेटल्या नव्हत्या. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी सगळे तर्क लढवून थकलेय. बाबांना सांगितलं, त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि वायरिंग तपासून घे म्हणाले. हल्लीही मी साडेपाचला त्याच भिंतीशी बसते, मोठ्याने म्हणते, अवघड जागी जरा थांबते. पलीकडून काही येत नाही. अभ्यास मात्र होतो.

एक राहिलंच. त्या दिवशी मी अक्कांना विचारलं, तुमची शाळा सुटली का? त्या हसल्या. "नाही गं. पेपरात नेमकं तेच आलं, एकोणतीस गुणिले सात. पुढं जन्मभर शिकवलं की." मग माझं मनगट न सोडताच जरा पुढे झुकल्या. डोळे भरले होते.

"तू त्या दिवशी म्हणालीस, माझंही तेच आहे. परीक्षा झाल्यावर आवाजच आला नाही तुझा. साठ वर्षं झाली, विचारायचं राहून गेलंय. पास झालीस का?"

"झाले," मी म्हटलं. "तिन्हींत."

"सरी," त्या म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांनी हातातला घास खाल्ला.