फक्त पालकांना प्रवेश!

कॉपीराइटचा कायदा आमच्या घरात एकट्या अण्णांनी पाळला, आणि तो त्यांना मी शिकवला होता. मेले!

झालं असं, लोणावळ्याकडच्या एका शाळेत मी नवीन टीचर. (इतकी नवीन, की कुणी ‘मॅडम’ म्हणालं तर मीच मागे वळून बघते!) गॅदरिंगला एक छापील नाटक बसवलं. मोठ्या बाई घाबरल्या.

“लेखकाची परवानगी? भांडायला आला म्हणजे?”

मी तोऱ्यात! “बाई, मी वाचलंय! शाळेतच, फुकट, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालकांपुढे केलं तर चालतं!”

“बघ हं. बाहेरचं कुणी आत दिसलं, तर पुढच्या वर्षी तू दिसायची नाहीस.”

म्हणून गेटवर मी माझे वडीलच उभे केले. अण्णांचा लोहगडवाडीला चहाचा स्टॉल. माणसं हाताळायची सवय!

“अण्णा, पालक नसेल त्याला सोडायचं नाही. कुणीही असो!”

“कलेक्टर आला तरी न्हाई सोडत!”

नाटक रंगलं. विंगेतून डोकावले, तर पोरं आमची मूठभर आणि पालक जत्रेएवढे! पळत गेटवर गेले.

“अण्णा, हे कोण सगळे?”

“पालकच की! त्यो आबा पिंकीच्या चुलत्याचा मेव्हणा. ती मावशी सोन्याच्या आत्याची जाऊ.”

“आणि ते सॅकवाले?” (ट्रेकर! आख्खा ग्रुप! पहिल्या रांगेत, बिस्किटं खात!)

“दर पावसाळ्यात माज्याकडंच च्या पित्यात. घरचीच की ती!”

“म्हणजे अडवलं कुणालाच नाही?”

“अडवलं की येकाला!” अण्णांची छाती फुगली. “झब्बावाला. म्हनलं, पोरगं कितवीत? म्हनला, हितं माजं पोरगं न्हाई. म्हनलं, मंग बसा भाईरच! म्हनतोय, मला बोलावलंय. आसं समदीच म्हनत्यात!”

तेवढ्यात अंक संपला आणि माइकवर मोठ्या बाई, “आता सरप्राइज! मी गुपचूप बोलावलेले, या नाटकाचे लेखक आपल्यात आलेत. सरांनी स्टेजवर यावं!”

टाळ्या!

गेटबाहेर, कर्ण्याखाली, दगडावर बसून आपलंच नाटक नुसतं ऐकणारा झब्बा सावकाश उठला.

मी पुढे धावले. “सर, सॉरी, मी... म्हणजे कायद्यात...”

“बरोबरच आहे तुमचं,” ते शांतपणे म्हणाले. “हे नाटक इथं करायला माझी परवानगी लागत नाही. बघायला मला तुमची लागते, एवढंच माहीत नव्हतं.”

धरणीमाते, पोटात घे!

त्यांना घेऊन आत निघाले, तर अण्णांचा हात आडवा. “पोरी, ह्ये कुनाचे पालक?”

“अण्णा, सोडा हो!! लेखक आहेत ते!”

लेखक आत गेले, हारतुरे झाले. मी मात्र बाहेरच, त्यांच्या दगडावर. शिक्षिका म्हणून आत जावं, तर मोठ्या बाई पहिल्या रांगेतले सॅकवाले मोजत होत्या. आणि पालक म्हणून जावं, तर माझं अजून लग्नच झालेलं नाही!